घरगुती कन्सोलची जडणघडण – लेखांक ६ : तीन डब्यांची जाडी

घरगुती व्हिडिओ गेम कन्सोलची किंमत, खोक्याचा आकार आणि पडद्यावरील चित्राची प्रत या तीन बाबी दुकानातील ग्राहकाला वेगवेगळ्या दिसत असल्या, तरी यंत्राच्या रचनाकारासाठी त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्या गुंत्याचे मूळ बहुतेक वेळा उष्णतेत सापडते. गेल्या लेखांकात कन्सोलच्या अंतरंगाचा विचार झाला. या लेखांकात २००५ आणि २००६ या दोन वर्षांत बाजारात आलेल्या तीन कन्सोलांच्या आधारे हा गुंता तपासायचा आहे.

चित्राची प्रत मोजण्याचे ढोबळ माप म्हणजे चित्रबिंदूंची संख्या. काचेच्या नळीच्या जुन्या टीव्हीला पुरेसे होणारे ६४० गुणिले ४८० मापाचे चित्र ३,०७,२०० बिंदूंचे असते. ७२०पी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एचडी चित्रात ९,२१,६०० बिंदू, म्हणजे बरोबर तिप्पट, तर १०८०पी चित्रात २०,७३,६०० बिंदू, म्हणजे पावणेसातपट भरतात. चित्रपटाचे चित्र आधीच तयार असते, खेळाचे तसे नसते. खेळाडूने बटण दाबताच दृश्य बदलते आणि सेकंदाला तीस किंवा साठ वेळा प्रत्येक बिंदूचा रंग नव्याने काढावा लागतो. त्यासाठी चित्रांची आकडेमोड करणारी चिप अधिक ताकदीची लागते, तिच्या जोडीला अधिक वेगवान मेमरी लागते, दोन्हींना वीज लागते आणि ही वीज जवळजवळ सगळीच्या सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ती बाहेर काढण्यासाठी धातूची पाती, पंखे, हवा खेळण्याची पोकळी आणि मोठा पॉवर सप्लाय आला, म्हणजे खोके वाढले आणि किंमतही वाढली. मागच्या बाजूला दिसणारे एचडीएमआयचे भोक त्या मानाने स्वस्त असते; महाग असते ते त्या भोकापर्यंत पोहोचणारे चित्र.

सोनीने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आणलेल्या प्लेस्टेशन ३ ने हा सगळा खर्च अंगावर घेतला. ब्लू-रे डिस्क, सेल नावाचा नवा प्रोसेसर आणि १०८०पी चित्र यांसह ते सुमारे पाच किलो वजनाचे धूड अमेरिकेत ५०० आणि ६०० डॉलरला विकले जाऊ लागले आणि तरीही सुरुवातीला प्रत्येक नगामागे कंपनीला तोटाच होत होता. यातील स्वस्त प्रकारात एचडीएमआय नसेल असे मे महिन्यात जाहीर झाले होते. सप्टेंबरमध्ये मात्र सोनीने ते देऊ केले आणि त्याच वेळी जपानमधील किंमतही उतरवली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० ने वर्षभर आधीच निराळी तडजोड केली होती: चित्र एचडी, पण ते अ‍ॅनालॉग केबलमधून, आणि पॉवर सप्लाय खोक्याबाहेर, विटेएवढ्या वेगळ्या ठोकळ्यात. कन्सोल त्यामुळे आटोपशीर दिसले, पण हा ठोकळा आकाराच्या हिशेबात कोणी धरत नसे. शिवाय आतली उष्णता संपली नव्हतीच. यंत्र तापून पुन्हा थंड होण्याच्या चक्रात चिपच्या सूक्ष्म जोडण्या तडकू लागल्या आणि २००७ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवून त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद करावी लागली.

निन्टेन्डोने प्रश्न उलट्या टोकाकडून सोडवला. कंपनीचे तत्कालीन अध्यक्ष सातोरु इवाता यांनी आकार आधी ठरवला: डीव्हीडीच्या दोन-तीन डब्या एकावर एक ठेवल्यावर होईल तेवढीच जाडी. ‘वी’ या त्यांच्या कन्सोलची जाडी प्रत्यक्षात ४४ मिलिमीटर भरली. एवढ्याशा जागेत शांत, लहान पंख्याने भागवायचे तर वीज कमी वापरणे भाग होते, आणि वीज कमी म्हणजे बिंदूही कमी. म्हणून ‘वी’चे चित्र ४८०पीच्या पुढे गेलेच नाही. सोबत मिळणारी केबलही पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या टोकांची, डीव्हीडी प्लेअरमुळे महाराष्ट्रातील घरांच्या परिचयाची झालेली तीच साधी केबल होती. मात्र किंमत २५० डॉलरवर राखता आली, आणि तीही नग तोट्यात न विकता. वाचलेला पैसा आणि कल्पकता हाताची हालचाल ओळखणाऱ्या रिमोटवर लागली.

या निर्णयाला केवळ काटकसर म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेक घरांत तेव्हा अजून नळीचेच टीव्ही होते आणि त्यांच्यावर एचडी चित्राचा फायदा दिसणारच नव्हता. निन्टेन्डोने ग्राहकाकडे नसलेल्या पडद्याचे पैसे त्याच्याकडून घेतले नाहीत, हाच त्या हिशेबाचा खरा शहाणपणा. पण अशा हिशेबाला मुदत असते. सपाट एचडी पडदे स्वस्त होत घरोघर पोहोचले, तसे त्यांच्यावर ‘वी’चे ताणलेले चित्र धूसर दिसू लागले, दुसरीकडे २००९ च्या सप्टेंबरमध्ये सोनीने लहान चिपच्या बळावर प्लेस्टेशन ३ सडपातळ करून ३०० डॉलरला आणले. ‘वी’ची विक्री मार्च २००९ अखेरच्या आर्थिक वर्षात शिखरावर होती आणि त्यानंतर ती दरवर्षी घटत गेली, एकूण आकडा दहा कोटींच्या थोडा पुढे थांबला. एचडीएमआय असलेले निन्टेन्डोचे पहिले कन्सोल, ‘वी यू’, २०१२ मध्ये आले आणि त्याचे दीड कोटी नगही खपले नाहीत.