‘लेक व्ह्यू’ला फुटली पालवी!

ब्रोकरने ‘लेक व्ह्यू’ म्हटलं आणि आम्ही फ्लॅट! भाडं जरा जास्त, पण बाल्कनीतून थेट पुण्याचा पाषाण तलाव. डील डन!

जानेवारीत राहायला आले तेव्हा व्ह्यू कसला, समोर जलपर्णीचा गालिचा आणि बाल्कनीला खेटून एक वाळका पांगारा. पान एक नाही, अंगभर काटे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांचं एकमत, ‘मेलंय ते. गाड्यांवर पडण्याआधी तोडा.’ खरं सांगू? मीही हात वर केला होता.

पांगारा वाचला तो आपल्या आळसामुळे. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात झाड तोडायला आधी परवानगी लागते. अर्ज कोण करणार, यावरच घोडं अडलं.

आणि फेब्रुवारीच्या शेवटी, रात्रभर जागून डेडलाइन गाठल्यावर पडदा सरकवला तर बाहेर लालभडक! पांगारा असाच. आधी पानं झाडतो, मग फुलतो आणि पालवीचा नंबर सगळ्यात शेवटी. साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, सगळ्यांची मधासाठी झुंबड. अगदी ब्रेकफास्ट बुफे!

एक फांदी मात्र खरोखरच वाळलेली. तिच्या खालच्या बाजूला एक पिटुकला तांबट भोक पाडत होता. अंग हिरवं, कपाळ लाल, गळा पिवळा. त्याचं ते एकसुरी ‘टुक टुक’ मी इतके दिवस कुणाकडचं तरी फर्निचरचं काम समजत होते! पांगाऱ्याचं लाकूड मऊ. त्यातून वाळलेली फांदी म्हणजे घरटं कोरायला बेस्ट. आपण जिला मेलेली म्हणालो, तिथे कुणीतरी संसार थाटतंय.

तलावावर मात्र निरोपसमारंभ. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली थापट्या बदकं परतीला लागलीत. त्यांच्या जागी अलार्म ड्यूटीवर कोकीळ, पहाटे पाचपासून. स्नूझ बटण नाही!

येत्या रविवारी पुन्हा मीटिंग आहे. पिल्लं उडेपर्यंत फांदीला हात लावायचा नाही, मग रीतसर परवानगी काढून फक्त तेवढीच छाटायची, असं मी सुचवणार आहे. अर्जही मीच भरेन. काका लोक हसतील. हसू देत.

तुमच्या खिडकीत काय?
* पिंपळाची तांबूस, चकाकती पालवी
* कडुनिंबाचा मंद वासाचा फुलोरा
* आणि एखादं ‘मेलेलं’ झाड. त्याला जरा वेळ द्या!