अंकीय संगीत आणि आपला कान

संगीत अधिकाधिक शुद्ध ऐकूं यावें अशी इच्छा प्रत्येक रसिकाला असते, व ती योग्यच आहे. परंतु त्या इच्छेपायीं पैसा कोठें खर्चावा हें ज्ञानानें ठरवावें, जाहिरातीवरून ठरवूं नये. हा लेख लिहिण्यास निमित्त असें झालें कीं, गेल्या दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं माझ्या वर्गांतील एक विद्यार्थी मजकडे आला व म्हणाला, "सर, मला गाणीं ऐकण्याचें एक यंत्र घ्यावयाचें आहे. त्याच्या खोक्यावर '२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ' असें छापलें आहे, आणि साध्या यंत्राहून त्याची किंमत तिप्पट आहे. बाबा हप्त्यांनीं घेऊन देण्यास तयार झाले आहेत. घेऊं का?" त्याचे वडील बेताच्या मिळकतीचे. मीं त्याला लागलीच उत्तर न देतां त्या आंकड्यांचा अर्थ समजावून सांगितला. तोच येथें सर्वांकरितां देत आहें.

ध्वनि म्हणजे हवेच्या दाबांत होणारा जलद चढउतार. हा चढउतार एका सेकंदांत जितक्या वेळां होतो, तितके हर्ट्‌झ त्या स्वराची कंपनसंख्या. तरुण व निकोप कानाला सुमारें २० पासून २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे स्वर ऐकूं येतात. वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं येते. जुन्या तबकड्यांवर या चढउताराची रेषाच कोरलेली असे. अंकीय पद्धतींत मात्र ठराविक अंतरानें त्या रेषेची उंची मोजून तिचे आंकडे लिहून ठेवतात. अशा प्रत्येक मोजणीस नमुना म्हणतात.

आपल्या अंगणांतील ठिपक्यांची रांगोळी आठवा. आधीं ठिपके, मग त्यांवरून रेषा. ठिपके फार विरळ असले तर वळण कोठें घ्यावें हें कळत नाहीं. मग किती ठिपके पुरेसे? हॅरी नायक्विस्ट यांच्या १९२८ च्या व क्लॉड शॅनन यांच्या १९४९ च्या निबंधांतून याचें उत्तर मिळतें. ध्वनींतील सर्वांत उंच स्वराच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले, तर मूळ रेषा अंदाजानें नव्हे, पूर्णपणें परत मिळते. २०,००० ची दुप्पट ४०,०००. म्हणूनच १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठीं सेकंदास ४४,१०० नमुने ठरविण्यांत आले. ९६,००० किंवा १,९२,००० नमुने घेतल्यानें ऐकूं येणारी रेषा अधिक गुळगुळीत होते, ही समजूत चुकीची आहे. त्यामुळें केवळ कानाच्या टप्प्यापलीकडचे स्वर नोंदतां येतात.

आतां बिट. ठिपक्याची उंची मोजण्याच्या पट्टीवर किती खुणा आहेत हें बिटांवरून कळतें. १६ बिटांत ६५,५३६ खुणा, तर २४ बिटांत १,६७,७७,२१६. खुणा जितक्या बारीक तितकी मोजणींतील चूक लहान. ही चूक आपणांस मंद खरखरीच्या रूपानें ऐकूं येते. १६ बिटांत सर्वांत मोठा आवाज व ती खरखर यांत सुमारें ९६ डेसिबेलांचें अंतर राहतें, २४ बिटांत हिशेबानें १४४. रात्रीं सामसूम झालेल्या खोलींतहि साधारणतः ३० डेसिबेल आवाज असतोच. त्यावर ९६ चढविले तर कान दुखूं लागण्याची वेळ येईल. अर्थात् ऐकण्यापुरते १६ बिट पुरेसे आहेत.

मग ध्वनिमुद्रण करणारे २४ बिट कां वापरतात? शिंपी कापड बेततांना शिवणींत माया ठेवतो, तसेंच हें आहे. गायक एकाएकीं मोठ्यानें गाईल, पुढें अनेक आवाज मिसळावे लागतील, कमीअधिक करावे लागतील; तेव्हां हाताशीं माया हवी. अंगरखा शिवून झाल्यावर मात्र घालणाराला तिचा उपयोग नसतो.

सांठवणीच्या पद्धतींचाहि येथें विचार करूं. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापानें दोन्ही बाजूंचा ध्वनि सेकंदाला १४,११,२०० बिट जागा घेतो. २४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झच्या मापानें ९२,१६,०००, म्हणजे साडेसहा पट. २००१ सालीं निघालेली फ्लॅक ही पद्धति घडी घातलेल्या वस्त्रासारखी आहे: जागा कमी लागते, व उलगडल्यावर एक धागाहि कमी होत नाहीं. एमपी-३ पद्धतींत मात्र कानाला बहुधा जाणवणार नाहीं तो भाग टाकून देतात. फार टाकला तर गाणें बिघडतें. बेतानें टाकला तर फरक ओळखणें कठीण जातें. टाकलेला भाग मात्र परत येत नाहीं. एमपी-३ चें फ्लॅक करणें म्हणजे चिपाडांतून रसाची अपेक्षा करणें होय.

या मतास प्रयोगांचा आधार आहे काय? ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरन यांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, उच्च मापाचा ध्वनि व तोच कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापांतून गाळलेला ध्वनि यांतील भेद ओळखण्यास श्रोत्यांना सांगितलें होतें. ५५४ पैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवूनहि इतकींच आलीं असतीं. उलट, जोशुआ रीस यांनीं २०१६ सालीं १८ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हां शेंकडा ५२ हून किंचित् अधिक उत्तरें बरोबर ठरलीं. तालीम घेतलेल्या श्रोत्यांत हें प्रमाण अधिक होतें. म्हणजे भेद मुळींच नाहीं असें म्हणण्याचा हट्ट नको. पण तो असलाच तर फार सूक्ष्म आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मीं घरीं परीक्षा घेण्यास सांगितलें. उच्च मापाचें एक गाणें घ्यावें व त्याच गाण्यावरून साध्या मापाची प्रत करावी. दोहोंचा आवाज अगदीं सारखा ठेवावा, कारण किंचित् मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो. मग आपण पाठ फिरवून बसावें व दुसऱ्यानें नाणें उडवून १६ वेळां कोणती तरी प्रत लावावी. निव्वळ तर्कानें १२ वा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें चारच असतो. मुलानें मामांकडील तशाच यंत्रावर, धाकट्या बहिणीच्या मदतीनें, ही परीक्षा केली. त्याचीं नऊ उत्तरें बरोबर आलीं. त्यानें तें प्रामाणिकपणें वडिलांस सांगितलें, हें मला सर्वांत मोलाचें वाटतें. हप्ते टळले, बेताच्या किंमतीचे चांगले हेडफोन घरीं आले.

पालकांस विनंति इतकीच कीं, खोक्यावरील आंकड्यांपेक्षां मूळ ध्वनिमुद्रण कसें आहे व हेडफोन कसे आहेत हें आधीं पाहावें. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापाशीं असलेलें सर्वांत सूक्ष्म यंत्र तुमचा कान आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्यांसाठीं आठवड्यास ४० तास ८० डेसिबेल व मुलांसाठीं ७५ डेसिबेल ही मर्यादा सांगितली आहे. कानांतील नाजूक पेशी एकदां नष्ट झाल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. यंत्र बिघडलें तर दुसरें आणतां येईल. कान मात्र दुसरा मिळणार नाहीं.