जांभळ्या पानांच्या झुडपाचा चीक

दारापुढच्या वाफ्यात किंवा गच्चीवरच्या कुंडीत गडद जांभळ्या पानांचं एक देखणं झुडूप दिसतं. नाव युफोर्बिया कोटिनीफोलिया. फुलं बारीक, पांढुरकी. खरी शोभा पानांची. त्याला भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. सावलीत पानं हिरवट पडतात. शेंडे खुडत राहिलं की झुडूप दाट आणि आटोपशीर राहतं.

जपायचं ते नेमकं खुडतानाच. हे झाड शेराच्या कुळातलं. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. रोपवाटिकेत खताचं सांगतात, चिकाचं सहसा नाही. तो कातडीला लागला तर आग होते, फोड येतात. डोळ्यात गेला तर बुबुळाचा वरचा थर सोलवटू शकतो. त्रास काही तासांनी वाढतो, त्यामुळे ‘थोडंच चुरचुरतंय’ म्हणून झोपी जाऊ नये.

डोळा चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि स्वच्छ पाण्याची बारीक धार 15 ते 20 मिनिटं सोडा. दूध, तूप, गुलाबपाणी नको. घरात उरलेले थेंब तर मुळीच नकोत. त्यांत स्टिरॉइड असू शकतं. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा, झाडाचा फोटो सोबत न्या. वेळेत उपचार झाले तर बहुतेकांचा डोळा पूर्ण बरा होतो.

छाटताना हातमोजे आणि चष्मा हवाच. डोक्यावरची फांदी मान वर करून तोडू नका. नंतर हात आणि कात्री साबणाने धुवा. घरात रांगतं मूल असेल तर मी म्हणेन, हे झाड सध्या आणूच नका.