परभणीच्या वाटेवरचा फ्रान्स

फ्रान्स बघायचा असेल तर परभणीकरांनी मनमाडहून येणारी रात्रीची गाडी धरावी आणि सकाळी हैदराबादला उतरावं, असं मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगते. मी इथल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. वर्गात पूर्णा, पाथरी, जिंतूर, पालमकडची मुलं-मुली. घरी कापूस नाहीतर सोयाबीन, पाण्याची सोय असेल तिथे ऊस. पॅरिसचं तिकीट या घरांच्या हिशेबात बसत नाही. पण 1789 ची फ्रेंच राज्यक्रांती मात्र सगळ्यांना पाठ असते. बास्तीयचा तुरुंग 14 जुलैला पडला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतात. त्याच वर्षी एक फ्रेंच माणूस आपल्या निजामाच्या पदरी पलटणी उभारत होता आणि त्या निजामाच्या मुलखात आपली परभणीही होती, हे मात्र कोणाच्या गावीही नसतं.

म्हणून ही सहल. पहिल्या बैठकीत कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, सहल फ्रान्सची अन् गाडी हैदराबादची, हे कसं काय?" मग मी नकाशा पसरते. सतराव्या शतकात सुरतेला उतरलेला युरोपी माणूस हिऱ्यांसाठी गोवळकोंड्याकडे निघाला की औरंगाबाद, नांदेड आणि पुढे तेलंगण अशी वाट धरायचा. औरंगाबादवर एक बोट आणि नांदेडवर दुसरं ठेवा, मधे कोणती गावं येतात ती वाचा, एवढंच मी सांगते. परतूर, सेलू, मानवत, परभणी, पूर्णा अशी नावं पोरं वाचत जातात आणि वर्गातला सूरच बदलतो.

या वाटेने गेलेला सर्वांत प्रसिद्ध फ्रेंच म्हणजे जाँ-बाप्तिस्त ताव्हर्निये, पॅरिसमध्ये 1605 साली जन्मलेला जवाहिऱ्या. त्याने हिंदुस्थानातून नेलेला एक निळा हिरा चौदाव्या लुईने विकत घेतला. क्रांतीच्या धामधुमीत, 1792 साली, तो राजभांडारातून चोरीला गेला. त्यातूनच पुढे कापलेला 'होप' हिरा आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हिऱ्याची गोष्ट मुलांना आवडते. मला मात्र त्याच्या मागून आलेला जाँ द थेव्हनो जास्त जवळचा वाटतो. हा व्यापारी नव्हता. बघायचं आणि लिहायचं, एवढ्यासाठीच हिंडणारा माणूस. 1666 च्या जानेवारीत तो सुरतेला उतरला, औरंगाबादेहून वेरूळला गेला, पुढे नांदेडवरून गोवळकोंड्याला पोचला आणि परतीच्या वाटेवर 1667 साली इराणात वारला. तेव्हा तो अवघा चौतीस वर्षांचा होता. वेरूळचं बरंच सविस्तर वर्णन करणाऱ्या पहिल्या युरोपीयांत त्याची गणना होते. त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाची इंग्रजी आवृत्ती सुरेंद्रनाथ सेन यांनी 1949 साली संपादित केली.

सहलीचा पहिला मुक्काम म्हणूनच वेरूळ. कैलासासमोरच्या सावलीत बसून मी थेव्हनोची वेरूळची पानं मराठीत सांगत वाचते. ही कामं राक्षसांनी केली असं लोक म्हणतात, कधी केली ते कोणाला ठाऊक नाही, अशी नोंद तो करतो. आमच्या मुलांना राष्ट्रकूट कृष्णराजाचं नाव आणि आठवं शतक माहीत असतं, त्याला नव्हतं. तरीही खांब, मूर्ती, मोजमापं यांवर त्याची नजर अशी फिरते की मुलं वही उघडून स्वतः मोजायला लागतात. परक्या माणसाला आपल्या घरातलं काय दिसलं आणि काय दिसलं नाही, हे तपासण्याची सवय इथे लागते. पुढच्या सगळ्या प्रवासात ती कामी येते.

खर्ड्याला आम्ही जातो ते थोड्या वेळासाठी. जामखेड तालुक्यातला हा निंबाळकरांचा किल्ला लहानसा, पण ठसठशीत आहे. इथे 11 मार्च 1795 रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. शाळेच्या पुस्तकात ती मराठी सरदारांच्या एकजुटीची शेवटची मोठी लढाई म्हणून येते, आणि ते खरंच आहे. नाना फडणवीस, परशुरामभाऊ पटवर्धन, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले सगळे एका बाजूला होते. मी मुलांना आणखी एक गोष्ट शोधायला लावते, ती म्हणजे दोन्हीकडच्या कवायती फौजांचे सेनापती कोण होते. निजामाकडे रेमों. शिंद्यांकडे पेराँ. दोघेही फ्रेंच. होळकरांच्या पलटणींवर होता द्युद्रनेक, तोही फ्रेंचच. मायदेशात राजाराणीची डोकी उडालेली, नवं प्रजासत्ताक जन्माला आलेलं, आणि त्या देशाची माणसं बालाघाटाच्या कडेला एकमेकांवर तोफा डागत होती, एक पेशव्यांच्या बाजूने तर एक निजामाच्या.

हैदराबादमध्ये मात्र आम्ही घाई करत नाही. आधी जातो ते मिशेल जोआकीम मारी रेमोंच्या थडग्याकडे, तेही ऊन चढायच्या आत. गॅस्कनीमधल्या सेरिन्याक गावात 1755 साली जन्मलेला हा व्यापाऱ्याचा मुलगा पाँडिचेरीला आला, आधी म्हैसूरकरांकडे आणि मग ब्युसीच्या हाताखाली राहिला. ब्युसी वारल्यावर त्याने निजाम अलीची चाकरी धरली. ब्युसीचं नाव मराठी वाचकाला माहीत आहे. 1751 साली चंद्रग्रहणाच्या रात्री पेशव्यांच्या छावणीवर छापा घालणारा तो हाच. त्याच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे मराठ्यांकडे आला, उदगीरला लढला आणि पानिपतावर मेला.

रेमोंने थोड्या पलटणींवर सुरुवात केली आणि दहा हजारांहून मोठी कवायती फौज उभी केली. तोफा ओतण्यासाठी त्याने कारखाना काढला. आबिड्सजवळच्या त्या भागाला आजही गनफाउंड्री म्हणतात, रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी पुरतं. 25 मार्च 1798 रोजी तो वारला. हिंदू त्याला मूसाराम म्हणायचे आणि मुसलमान मूसा रहीम. मूसारामबाग हा भाग त्याच्याच नावाचा. निजामाच्या राजवटीत त्याच्या थडग्यावर उरूस भरायचा.

थडगं एका टेकाडावर आहे. भोवती शहर दाटून आलंय, पण वर चढलं की एकदम मोकळं आभाळ. रुंद चौथऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटचा, वर निमुळता होत गेलेला, सुमारे 7 मीटर उंचीचा स्तंभ आहे. त्यावर नावाची आद्याक्षरं, जे. आर. बाजूला ग्रीक धाटणीच्या खांबांचा मंडप. 2001 च्या पावसात तो कोसळला होता, नंतर पुन्हा उभारला. क्रूस शोधायला निघालेली मुलं इथे गोंधळतात, आणि मला नेमकं हेच हवं असतं. फ्रेंच कला म्हणजे काय, हे मी स्लाइड दाखवून समजावत नाही, या खांबांना हात लावून समजावते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये नटवं, वळणावळणाचं नक्षीकाम मागे पडलं आणि ग्रीक-रोमन घाटाची सरळ, कडक शिस्त आवडू लागली. पॅरिसचं पाँतेओं त्याच आवडीतून उभं राहिलं. तीच आवड इथे दख्खनच्या काळ्या दगडात उतरली. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याची यादवकालीन देवळं बघितलेल्या एका मुलीने दोन्हीकडच्या खांबांची चित्रं शेजारी शेजारी काढली होती. आपल्याकडचा खांब चौकोन, अष्टकोन, वर्तुळ असे घाट बदलत वर जातो आणि हा पायापासून माथ्यापर्यंत एकाच चालीने चढतो. कुठल्याही व्याख्यानापेक्षा ती दोन चित्रं मला मोलाची वाटतात.

याच चौथऱ्यावर आमचा सगळ्यात मोठा वाद होतो. रेमोंच्या पलटणी फ्रेंच प्रजासत्ताकाचा तिरंगी झेंडा मिरवायच्या. शिपायांच्या कोटाच्या गुंड्यांवर स्वातंत्र्याचं क्रांतिकारी चिन्ह कोरलेलं असे. इंग्रजांनी हे धास्तीने नोंदवून ठेवलंय. आता विचार करा. मालक निजाम, म्हणजे एकछत्री सत्ता. शिपाई तेलुगू, दख्खनी, मराठी मुलखातला, पगारासाठी उभा. आणि त्याच्या छातीवरच्या गुंडीवर स्वातंत्र्य. त्या शिपायाला गुंडीचा अर्थ कोणी सांगितला असेल का? काही मुलं म्हणतात की सांगायची गरज काय, वारं लागतंच. काही म्हणतात की जो गावात वेशीबाहेर राहत होता, त्याला गुंडीने काय दिलं? एका मुलाने एकदा इथेच उभं राहून आठवण करून दिली, की बाबासाहेबांनी 1954 च्या आकाशवाणीवरच्या भाषणात आपली स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर कोणाला भूक लागल्याचंही भान राहिलं नाही. पाठ केलेली 1789 तिथे पहिल्यांदा त्यांच्या स्वतःच्या आयुष्याला भिडते, आणि मला ही सहल एवढ्यासाठीच हवी असते.

रेमोंनंतर फार दिवस लागले नाहीत. 1798 च्या सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि ऑक्टोबरात फ्रेंचांच्या पलटणी निःशस्त्र करून मोडण्यात आल्या.

दुपारी सालारजंग संग्रहालय. शुक्रवारी ते बंद असतं, बेत आखताना हे ध्यानात ठेवा. तिथली 'बुरख्यातली रिबेका' बघायला झुंबड असते, पण ती इटालियन. आम्ही थांबतो ते एकाच लाकडातून कोरलेल्या दुहेरी मूर्तीपाशी. हे एकोणिसाव्या शतकातलं फ्रेंच काम. पुढून बघावं तर ताठ मानेचा, गर्विष्ठ मेफिस्टोफेलीस. मागे आरसा आहे, त्यात डोकावलं की खाली मान घातलेली मार्गारेटा. गोष्ट मूळची जर्मन, गटेच्या 'फाउस्ट'ची. पण 1859 साली शार्ल गुनोचा त्यावरचा ऑपेरा पॅरिसच्या रंगमंचावर आला आणि ती फ्रान्सची घरची झाली. मुलं आधी आरशात बघतात, मग वाकून कडेने. कारागिराने सैतानाच्या झग्याच्या घड्या आणि मुलीच्या पदराच्या चुण्या कुठे एकमेकांत मिळवल्या, ती रेघ शोधण्यात अर्धा तास सहज जातो. रखवालदार कंटाळतात, पण हाकलत नाहीत.

इथून तिकडे काय गेलं, हेही मी सांगतेच. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभारणारा द बुआन्य मूळचा शांबेरीचा. तो सावॉय प्रांत तेव्हा फ्रान्सच्या बाहेर होता, 1860 साली आत आला. हिंदुस्थानात कमावलेली दौलत घेऊन तो गावी परतला आणि त्यातला मोठा भाग त्याने गावासाठी खर्च केला. त्याच्या स्मरणार्थ 1838 साली उभारलेलं चार हत्तींचं कारंजं शांबेरीच्या चौकात आजही आहे.

परतल्यावरही सहल संपत नाही. शेवटचा मुक्काम आपल्याच जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसला. सहकाऱ्यांपैकी काहींना हे ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं. मला तसं वाटत नाही. गी पॉइत्वाँ हा फ्रेंच अभ्यासक पुण्यात स्थायिक झाला आणि हेमा राईरकर यांच्याबरोबर त्याने गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखावर भरल्या. बेर्नार बेल या दुसऱ्या फ्रेंच माणसाने ध्वनिमुद्रण आणि संगणकावरच्या नोंदींचं काम उभं केलं. ताडकळसच्या एका बाईच्या ओव्याही या संग्रहात आहेत. पॉइत्वाँ 2004 साली गेला. त्याआधी गी दलरी हा फ्रेंच पाद्री वारकऱ्यांबरोबर पंढरीला चालत गेला होता, आणि त्याने केलेला तुकोबांच्या अभंगांचा फ्रेंच अनुवाद 1956 साली पॅरिसमध्ये छापला गेला.

आपला जिल्हा जनाबाईचा. तिच्याबरोबर विठ्ठल दळायला बसायचा, हे गंगाखेडच्या पोराला शिकवावं लागत नाही. पण आपल्याच आजीच्या ओव्या कोणी लिहून ठेवण्याजोग्या मानल्या, तेही फ्रान्सहून आलेल्या माणसाने, हे ऐकून ती पोरं चपापतात. थेव्हनो आपल्या दारावरून पुढे निघून गेला, रेमों तोफा घेऊन आला, आणि हा माणूस जात्यापाशी बसून ऐकत राहिला. तिघेही फ्रान्सच. सहलीचा अहवाल म्हणून मी निबंध मागत नाही. प्रत्येकाने गावी जाऊन एका म्हाताऱ्या बाईच्या ओव्या मोबाइलवर मुद्रित करायच्या, तिचं म्हणणं तिच्याच बोलीत उतरवायचं आणि तिला वाचून दाखवायचं. यंदा पालमच्या मुलाने आणलेल्या मुद्रणात ओवीच्या मधेच म्हातारी थांबून त्यालाच विचारते, "अन् हे ऐकून तू काय करणारैस?" त्याचं उत्तर त्याने अजून लिहून दिलेलं नाही, पण पुढच्या रविवारी तो पुन्हा तिच्याकडे निघालाय.