पहिल्या सामन्याची वाट

श्रावण सरत आला की गोव्याच्या घराघरांत चवथीची चाहूल लागते. भिंतींना रंग चढतो, माटोळीच्या चौकटीकडे घरच्या कर्त्या माणसाची नजर जाते, मुंबई-पुण्याकडे नोकरीस असलेली मंडळी रजेचे अर्ज करतात. सण दीड दिवसाचा असो की पाच दिवसांचा, त्याची वाट मात्र महिनाभर पाहिली जाते; आणि निम्मा सण त्या वाट पाहण्यातच असतो, हे कोणताही अनुभवी माणूस कबूल करील. नेमक्या याच दिवसांत, ऑगस्टच्या अखेरीस, अमेरिकेतील विद्यापीठांच्या गावांतही अशीच एक वाट पाहणे चालू असते. तेथे वाट पाहतात ती विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या पहिल्या सामन्याची. सामनापत्रिका महिनोगणती आधी पाठ झालेली असते. त्यातला पहिलाच प्रतिस्पर्धी क्रमवारीत फार वरचा असला, तर त्या गावातील झोप उडालीच म्हणून समजावे.

फुटबॉल म्हणताच आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे फातोर्ड्याचे मैदान उभे राहील. अमेरिकेतला फुटबॉल तो नव्हे. लांबोळका चेंडू हाती धरून वा फेकून प्रतिस्पर्ध्याच्या सीमेपार न्यावयाचा, असा तो अकरा-अकरा गड्यांचा अंगाला अंग भिडविणारा खेळ आहे. चेंडू सीमेपार नेला तर 6 गुण, आणि लाथेने उंच खांबांमधून घातला तर 3 गुण, एवढे ध्यानी ठेवले तरी पुढचे समजण्यास पुरे. गंमत अशी की 6 नोव्हेंबर 1869 रोजी रटगर्स व प्रिन्स्टन या शिक्षणसंस्थांत जो पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना झाला, त्यात चेंडू उचलून पळण्याची मुभाच नव्हती. म्हणजे दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एकच. वाटण्या पुढे झाल्या. आज मिशिगन विद्यापीठाच्या अ‍ॅन आर्बर येथील मैदानावर एक लाख सात हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. पणजी महापालिकेच्या हद्दीतील लहानथोर सारी माणसे तेथे नेऊन बसविली, तरी अर्ध्याहून अधिक जागा रिकामी राहील.

ही क्रमवारी ठरते कशी, हेही पाहण्याजोगे आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची क्रमवारी 1936 सालापासून चालू आहे आणि 1950 पासून ती हंगाम सुरू होण्यापूर्वीही प्रसिद्ध होते. देशभरचे क्रीडापत्रकार, म्हणजे आमच्याच व्यवसायातील मंडळी, मते देतात आणि त्या मतांच्या बेरजेतून पहिले पंचवीस संघ ठरतात. हंगामातला चेंडू अजून हललेलाही नसतो, तोच पहिला कोण आणि पाचवा कोण याचा निवाडा होऊन जातो. अर्थात हा निवाडा गतवर्षीच्या पराक्रमावर, घराण्याच्या नावावर आणि कागदावरील खेळाडूंच्या यादीवर दिलेला असतो. त्याला मत म्हणावे, मोजमाप म्हणू नये. पत्रकारांची मते चुकू शकतात, हे आम्ही वाचकांस वेगळे सांगावे असे नाही.

या मताची परीक्षा पहिल्या सामन्यात होते, आणि ती कशी होते याचे सर्वांत बोलके उदाहरण 1 सप्टेंबर 2007 रोजी घडले. एका बाजूस मिशिगन. 1817 साली स्थापन झालेले विद्यापीठ, फुटबॉलमधील विजयांची संख्या साऱ्या देशात सर्वाधिक, आणि त्या वर्षीच्या क्रमवारीत पाचवे स्थान. आदल्या वर्षीचे नामवंत खेळाडू अखेरच्या वर्षासाठी परतलेले, त्यामुळे राष्ट्रीय विजेतेपदाची भाषा उघड बोलली जात होती. दुसऱ्या बाजूस नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बून या लहानशा डोंगरी गावचे अ‍ॅपलेचियन स्टेट विद्यापीठ. 1899 साली दोन भावांनी चालविलेल्या एका शाळेतून वाढलेली, शिक्षक घडविण्यात जिचा जन्म गेला अशी ही संस्था. तिचा संघ खालच्या श्रेणीतला. वरच्या श्रेणीच्या संघास त्या वेळी 85 खेळाडूंना शिष्यवृत्ती देता येई, खालच्यास 63. वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतील एखाद्या संघाला खालच्या श्रेणीतील संघाने हरविल्याचे तोवर एकही उदाहरण नव्हते. पैजा लावणाऱ्या बाजारातही बहुतेकांनी या सामन्याचा भाव काढण्याची तसदी घेतली नव्हती.

मग हा सामना ठरला तरी का? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. मोठी विद्यापीठे हंगामाच्या आरंभी दुबळा पाहुणा बोलावतात, त्याला बिदागी देतात, आपल्या घरी हरवितात आणि विजयाने श्रीगणेशा करतात. पाहुण्या विद्यापीठाचा त्या पैशांवर क्रीडाविभागाचा खर्च काही अंशी निघतो. अ‍ॅपलेचियन स्टेटला या सामन्यासाठी 4 लाख डॉलर मिळाले. रोखठोक बोलावयाचे तर तो मार खाण्याचा मोबदला होता.

तथापि बूनच्या लोकांनी सामन्याची वाट पाहिली ती मार खाण्यासाठी नव्हे. त्यांच्या संघाने 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन वर्षे आपल्या श्रेणीचे अजिंक्यपद मिळविले होते. आपली मुले चपळ आहेत, मैदानभर पसरून खेळण्याची त्यांची रीत जड अंगाच्या संघांस झेपत नाही, आर्मांटी एडवर्ड्स हा चेंडू खेळविणारा तरुण कुणाच्या हाती सहसा लागत नाही, हे त्यांनी शनिवारमागून शनिवार डोळ्यांनी पाहिले होते. जगाकडे मत होते, त्यांच्याकडे प्रत्यक्ष अनुभव होता. चाहत्याच्या आशेला आपण सहसा भाबडी म्हणतो. पण ज्याने एक संघ जवळून, वर्षानुवर्षे, पावसापाण्यात पाहिला आहे त्याची आशा पुष्कळदा तज्ज्ञांच्या अंदाजाहून अधिक साधार असते.

त्या दिवशी मैदानावर एक लाख नऊ हजारांवर प्रेक्षक होते. मध्यंतरास पाहुण्यांची आघाडी होती 28-17. यजमानांनी हळूहळू तूट भरून काढली आणि पाच मिनिटांहून कमी वेळ उरला असता 32-31 असे पुढे पाऊल टाकले. सामान्यतः येथे कथा संपते. लहानांनी झुंज दिली, मोठ्यांनी बाजी मारली, असे लिहून वार्ताहर उठतात. परंतु 26 सेकंद उरले असता अ‍ॅपलेचियनने चेंडू खांबांमधून घातला : 34-32. मिशिगनने एका लांब फेकीने पुन्हा मुसंडी मारली आणि अवघे 6 सेकंद शिल्लक असता 37 यार्डांवरून विजयाची लाथ मारावयास संघ उभा राहिला. कोरी लिंच या गड्याने झेपावून तो चेंडू अंगावर घेतला. सामना तेथे संपला. तिकडे बून गावात विद्यार्थी आपल्या रिकाम्या मैदानाकडे धावले, गोलखांब उपटून काढले आणि मिरवीत कुलगुरूंच्या निवासस्थानी नेले. पुढच्या आठवड्याच्या क्रमवारीत मिशिगनचे नाव पंचवीसांतही नव्हते. एवढेच नव्हे, तर खालच्या श्रेणीतील संघांनाही यापुढे मते देता येतील, असा बदल त्या वृत्तसंस्थेला आपल्या नियमांत करावा लागला.

अशी कथा सांगताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आशा दर वेळी फळत नाही. वरच्या श्रेणीत पाऊल टाकताच 2014 च्या पहिल्या सामन्यात अ‍ॅपलेचियनचा संघ पुन्हा त्याच मैदानावर गेला आणि 52-14 असा सडकून मार खाऊन परतला. 2018 च्या पहिल्या सामन्यात दहाव्या क्रमांकाच्या पेन स्टेटला त्याने जादा वेळेपर्यंत झुलविले, परंतु 45-38 असा पराभव पदरी आला. आणि 2007 साली हरलेल्या मिशिगनचे काय झाले? दुसराही सामना त्यांनी गमावला. पण नंतर सावरून 9 विजय मिळविले आणि 1 जानेवारी 2008 रोजी अखेरच्या सामन्यात फ्लोरिडासारख्या बलाढ्य संघास हरविले. पहिला सामना हा हंगामाचा निकाल नसतो. म्हणूनच जिंकणाऱ्यांनी माजू नये आणि हरणाऱ्यांनी प्रशिक्षकाच्या घरावर चालून जाऊ नये, एवढा विवेक चाहत्यांकडून अपेक्षिणे गैर नाही.

या उत्साहाची काळी बाजूही आहे. हा खेळ इतका जीवघेणा होता की 1905 साली प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून कानउघाडणी करावी लागली, आणि त्यातून नियमन करणारी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. लक्षावधी प्रेक्षक तिकिटे घेत, दूरचित्रवाणी कंपन्या कोट्यवधी डॉलर मोजीत, प्रशिक्षक गबर होत. आणि ज्यांच्या हाडांवर हा सारा डोलारा उभा, त्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीपलीकडे एक पैसा घेण्याची बंदी होती. 2021 पासून त्यांना आपल्या नावावर कमाई करण्याची मुभा मिळाली आणि 2025 पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देऊ लागली. न्याय उशिरा का होईना, झाला. पण त्याबरोबरच मुले एका विद्यापीठातून दुसऱ्यात बाजारभावाने जाऊ लागली आहेत आणि आपला संघ आपल्या गावाचा उरला काय, ही चिंता चाहत्यांस सतावू लागली आहे. मैदानात उतरणारा तो गडी वीस वर्षांचा विद्यार्थी आहे, हे विसरून त्याच्यावर आपल्या साऱ्या वर्षाची आशा लादणारा चाहता खेळावर प्रेम करतो, असे आम्हांस म्हणवत नाही.

हे सारे गोव्यातील वाचकांना का सांगावे, असा प्रश्न कुणी करील. कारण हे आमचेही आहे. 1883 साली शिवोली येथे विल्यम रॉबर्ट लायन्स या पाद्रीने विद्यार्थ्यांना फुटबॉल शिकविला आणि येथे या खेळाचे बीज पडले, असे सांगितले जाते. म्हणजे आमच्या खेळाचा जन्मही शाळेच्या अंगणातलाच. मोठ्या नावापुढे न दबण्याचा धडाही आम्ही गिरविला आहे. संतोष चषकात बंगालचा दरारा असताना या चिमुकल्या भूमीने 1983 साली कोलकात्यातच बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद मिळविले आणि पुढच्याच वर्षी मद्रासमध्ये पंजाबला 1-0 असे नमवून तो चषक एकट्याने घरी आणला. पुढे आय-लीग सुरू झाली, तेव्हा 2007-08 पासून पहिले सहाही हंगाम धेंपो, चर्चिल आणि साळगावकर या गोव्याच्याच क्लबांनी जिंकले. आणि 2016 साली धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे तीन क्लब त्या स्पर्धेतून बाहेर पडले, तेव्हा त्या शनिवार-रविवारांची वाट पाहणारी एक पिढीच मैदानाबाहेर गेली.

चाहत्याचे प्रेम आटले, असे आम्हांस वाटत नाही. विश्वचषकाच्या दिवसांत येथील वाड्यावाड्यांवर ब्राझील-अर्जेंटिना-पोर्तुगालची निशाणे फडकतातच. प्रेम आहे, ते जवळ ठेवण्यास ठिकाण नाही. आपल्या महाविद्यालयाचा यंदाचा पहिला फुटबॉल सामना कोणत्या तारखेला, कुठे आणि कुणाशी आहे, हे शंभर विद्यार्थ्यांत कितींना सांगता येईल? वाट पाहण्यासाठी आधी तारीख ठाऊक असावी लागते. बूनच्या लोकांना ती ठाऊक होती, महिनोगणती आधी ठाऊक होती. म्हणूनच 34-32 हा आकडा त्यांच्या घराघरांत मुखोद्गत झाला.

यासाठी लाख माणसांचे मैदान नको की लाखो डॉलर नकोत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा कार्यक्रम जूनमध्येच जाहीर व्हावा, उद्घाटनाचा सामना गतविजेत्यांशी एखाद्या आडवळणाच्या तालुक्यातील महाविद्यालयाचा ठेवावा, तो त्या तालुक्यातच, पेडण्यात, सत्तरीत वा काणकोणात खेळवावा आणि वर्ग सोडून नव्हे, तर वर्ग सुटल्यावर मुलांना तो पाहता यावा. तो कार्यक्रम ठळकपणे छापणे हे आम्हां वृत्तपत्रांचे काम. त्यात आजवर आमच्याकडूनही कसूर झाली आहे, हे कबूल करण्यास आम्ही संकोचत नाही. दूरदेशीच्या सामन्याच्या बातमीस अर्धे पान आणि शेजारच्या मुलांच्या सामन्यास दोन ओळी, हा हिशेब आम्ही सुधारावयास हवा.

बलाढ्य प्रतिस्पर्ध्याशी पहिला सामना असला की त्याच्या आदल्या रात्री सारे गुणफलक कोरे असतात. क्रमवारी काही म्हणो, त्या रात्रीपुरते दोघे सारखे असतात, आणि उद्या काय होईल हे कुणालाच ठाऊक नसते. आपल्या मुलांच्या बाजूने अशी एक रात्र जागण्याची संधी काणकोणच्या वा सत्तरीच्या एखाद्या गावाला मिळाली, तर दुसऱ्या दिवशी निकाल काहीही लागो, त्या गावात फुटबॉल पुन्हा रुजला असे आम्ही समजू.