पोर्ट अडलंय? आधी कोणी धरलंय ते बघा

शिरपूरच्या आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या कॉलेजात सॉकेट शिकताना ही अडचण येणारच: सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला, की ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असा संदेश. लिनक्सवर या चुकीचा क्रमांक ९८, मॅकवर ४८, विंडोजवर १००४८.

कारणं मुख्यतः दोन. पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे असतं; कोणत्या, ते विंडोजवर ‘नेटस्टॅट -एएनओ’, लिनक्सवर ‘एसएस -एलटीएनपी’ दाखवतं. नाहीतर जुनं कनेक्शन ‘टाइम-वेट’मध्ये अडकलेलं असतं, लिनक्सवर ६० सेकंद. त्यासाठी लिनक्स-मॅकवर बाइंड करण्याआधी ‘एसओ_रियूजॲडर’ हा सॉकेटचा पर्याय लावा.

विंडोजवर मात्र तो लावू नका. तिथे त्याने चालू पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमला बळकावता येतं. त्याऐवजी ‘एसओ_एक्स्क्लुझिव्हॲडरयूज’ वापरा. म्हणून कोडमध्ये आधी प्लॅटफॉर्म तपासा, मगच पर्याय ठरवा.