पोफळीचे अवजल आणि वरकसाचा एकर

कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीस उतरते, वीज देते आणि कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीस मिळते. १९६२ सालापासून हा क्रम चालू आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळविण्यास मान्यता दिलेले हे पाणी वर्षाकाठी ६७.५ अब्ज घनफूट आहे. हे अवजल मुंबईस न्यावे काय, याची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे. त्या चर्चेत चढावरच्या वरकस जमिनीचे नाव मात्र क्वचितच निघते. पाणी पायथ्याशी आणि जमीन डोंगरउतारावर. ते उचलून न्यावे, तर ज्या पाण्याने वीज दिली त्याच पाण्यासाठी पुन्हा विजेचे बिल!

तेव्हा निवृत्तीनंतर गावी परतणाऱ्या चाकरमान्याने अवजलाकडे डोळे लावून बसण्यापेक्षा आपल्याच आभाळाचा हिशेब मांडावा, हे बरे. या पट्ट्यात पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वरच पडतो. म्हणजे एका एकरावर सुमारे १ कोटी २० लाख लिटर पाणी पडते, आणि एप्रिलमध्ये त्याच एकरावर कलम तहानेने मरते. समतल चर खणल्याने माती थांबते, थोडे पाणी मुरतेही. पण जांभ्याच्या कातळात ओल फार दिवस टिकत नाही. त्याकरिता खड्डा हवा. चार मीटर लांब, एक मीटर रुंद व तितकाच खोल खड्डा खणून त्यास प्लॅस्टिकचे अस्तर लावले, तर ४,००० लिटर पाणी राहते. कलमास आठवड्यास दहा लिटर, असे वीस आठवडे दिले तर दोनशे लिटर लागतात. वर गवताचे आच्छादन घातले आणि बाष्पीभवनाची तूट धरली, तरी एका खड्ड्यावर पंधरा-सोळा कलमे उन्हाळा काढतात. सात मीटर अंतराने एकरात काजूची ऐंशीएक कलमे बसतात. त्यांस असे पाच खड्डे पुरे.

येथे हापूसचा हट्ट नसावा. घाटपायथ्याचे दमट, ढगाळ हवामान मोहोरास मानवतेच असे नाही. त्यापेक्षा वेंगुर्ला-४ वा वेंगुर्ला-७ ही काजूची कलमे अधिक भरवशाची. बांधावर रातांबा व फणस असावा. पोफळ मात्र बारमाही पाण्याच्या आगरातच शोभते, मग गावाचे नाव काहीही असो.

परंतु झाडाच्याही आधी सातबारा पाहावा लागतो. आजोबांच्या नावाची जमीन आज बारा-पंधरा वारसांच्या सामाईकात असते; कोणी परळला, कोणी बडोद्याला. एकाने लावलेल्या बागेवर दहा वर्षांनी सर्वांचा हक्क उभा राहतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ अन्वये वाटप करून घेणे, ते सर्वांच्या संमतीने होत असेल तोवरच, शहाणपणाचे. कुदळ त्यानंतर. दुसरी चूक हौसेची: फंडाची सारी रक्कम चिऱ्यांच्या गडग्यात घालून कलमांना पैसा उरत नाही. पहिली दोन वर्षे एका एकराच्या पुढे जाऊच नये.

रोजगार हमीशी सांगड घातलेल्या फळबाग लागवडीने १९९० नंतर कोकणात मोठे काम केले, हे निःसंशय. तथापि कागदावरची प्रत्येक बाग आज डोळ्यांस दिसते, असे कोणी म्हणणार नाही. लावणीस अनुदान मिळते. राखणीस माणूस लागतो. सर्वांत मोठा वैरी वणवा. पाच वर्षांची काजू एका दुपारी जाते. दिवाळीनंतर गवत कापून डिसेंबर-जानेवारीत बागेभोवती दहा-बारा फुटांची जाळरेषा काढावी, तीही शेजाऱ्यास सांगून, वारा पडलेला असताना. गौरी-गणपतीस येऊन पुन्हा शिमग्यासच फिरकणाऱ्या मालकाकडून हे होणे नाही. त्याने वाडीतल्याच एखाद्या कुटुंबाशी उत्पन्नाच्या वाट्यावर बोलणे करावे आणि ते साध्या कागदावर का होईना, लिहून ठेवावे.